मांडवा ते रेवदंडा, रमतगमत: मित्रमंडळींसोबत दोन दिवसांची पहिली सायकल सहल

पहिल्या खेपेला आम्ही पाच जण सायकली घेऊन अलिबागजवळच्या मांडव्याच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा बेत होता थेट मुरूडचा. सत्तर किलोमीटर, एका दिवसात. कागदावर हिशेब सोपा होता: ताशी पंधराने गेलं तरी पाच तास, म्हणजे दुपारच्या जेवणाला मुरूडात. प्रत्यक्षात काशीदच्या पुढच्या चढावर अंधार पडला. पाच जणांत मिळून दिवा एकच होता. आमच्यातल्या बँकवाल्याने सायकल रस्त्याच्या कडेला आडवी टाकली आणि "मी इथेच राहतो, तुम्ही सकाळी या" असं जाहीर केलं. शेवटी नारळाच्या एका रिकाम्या टेम्पोने आमची वरात मुरूडला नेऊन सोडली. वाटेत आक्षी लागलं, चौल लागलं, कोर्लई लागली. मला आठवत होतं ते फक्त पुढच्याच्या सायकलीचं मागचं चाक.

त्यानंतर याच रस्त्याने सहा वेळा जाऊन आले, पण निम्मंच अंतर, निम्म्याहून कमी घाईत. मुंबई, ठाणे, डोंबिवली, नवी मुंबई या भागातून शनिवार-रविवारची पहिली सायकल सहल करायची तर मला याहून चांगला रस्ता माहीत नाही. होडीने जायचं, अष्टागरातल्या, म्हणजे अलिबागच्या किनारपट्टीवरच्या, नारळ-सुपारीच्या वाड्यांमधून सायकल चालवायची, रेवदंड्यात मुक्काम करायचा आणि तसंच परतायचं. खाली लिहिलेल्यातली बरीचशी अक्कल आम्हाला चुकांमधूनच आली आहे.

१. आधी माणसं ठरवा, अंतर नंतर

अशा सहलीला चार ते सहा जण पुरेत. आठच्या वर गेलं की निम्मा वेळ "तो कुठे राहिला" यात जातो.

माणसं ठरली की त्यांतला सगळ्यात सावकाश चालवणारा कोण ते बघा आणि त्याच्या दमाने अंतर ठरवा. हे त्याच्या तोंडावर बोलायची गरज नाही, पण मनात पक्कं असू द्या. माझा ठोकताळा असा: रमतगमत जाणाऱ्या गटाचा वेग ताशी आठ किलोमीटर धरायचा. हसू नका. सायकल चालताना बारा-चौदाने चालते, पण शहाळं, फोटो, साखळी उतरणं, "जरा त्या देवळात डोकावून येते" हे सगळं धरलं की सरासरी आठच्या वर जात नाही. दुपारचं जेवण त्याहून वेगळं. मांडवा ते रेवदंडा साधारण ३८ किलोमीटर आहे, म्हणजे पाच तास आणि जेवणाचा एक. सकाळी नऊला मांडवा सोडलं तर उजेडात, चहाच्या वेळेला पोहोचता.

जाण्याआधी तीन-चार रविवार सराव करा. पंधरा किलोमीटर, मग वीस, मग तीस. दमछाक तीन आठवड्यांत कमी होते. खरा प्रश्न बुडाचा असतो. सीटवर चार तास बसायची सवय पायांच्या ताकदीने येत नाही, बसूनच येते. गादीवाली सायकलिंग चड्डी घेतलीत तर ती सरावातच घालून बघा आणि तिच्या आत दुसरी चड्डी घालू नका. हे दुकानात कुणी सांगत नाही. आमच्या डॉक्टरीणबाईंनाही ते अलिबागेत कळलं आणि रविवारचा निम्मा रस्ता त्यांनी पेडलवर उभ्यानेच काढला.

२. महिना आणि वार

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरचा उकाडा किनाऱ्यावर फार चिकट असतो. मार्चनंतर अकरा वाजता डांबर तापायला लागतं. पावसाळ्यात हा प्रदेश देखणा दिसतो खरा, पण बऱ्याच साध्या लाँच बंद असतात, वादळी हवेत बाकीच्या बोटींचाही भरवसा नसतो, आणि रस्त्यातला खड्डा पाण्याखाली दिसत नाही. पहिली सहल पावसात नको.

लाँग वीकेंड टाळा. सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी आली की मांडवा-अलिबाग रस्त्यावर गाड्यांची जी रांग लागते ती बघून तुम्ही सायकल विकायला काढाल. शक्य असेल तर शुक्रवारी रजा टाका आणि शुक्र-शनि करा. शनिवारी तुम्ही परतत असता तेव्हा सगळी गर्दी समोरून येत असते.

३. सायकल कुठली

घरात असेल ती. खरंच. या रस्त्याला मोठा घाट नाही, चढ आहेत ते छोटे. गियर असतील तर गुडघ्यांना बरं. नवी घेणार असाल तर मध्यम रुंद टायरची हायब्रिड उत्तम. जाड टायरच्या एमटीबीवर, म्हणजे डोंगरी सायकलीवर, जास्त जोर लागतो. अगदी बारीक टायरची रोड बाइक गावातल्या उखडलेल्या रस्त्यावर हाडं खिळखिळी करते. मैत्रिणीची सायकल मागून आणणार असाल किंवा भाड्याने घेणार असाल, तर ती आठवडाभर आधी आणा आणि चालवा.

निघण्याआधी चार गोष्टी बघा:

- सीटची उंची. पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. दहांतल्या आठ जणांची सीट फार खाली असते आणि संध्याकाळी तेच गुडघा धरून बसतात.
- दोन्ही ब्रेक. ब्रेकची रबरं झिजली असतील तर बदला.
- टायरमधली हवा. किती भरायची ते टायरच्या कडेवरच छापलेलं असतं.
- साखळी पुसून तेल घातलेली असावी. तेलाचे चार थेंब पुरतात. साखळी तेलात न्हाऊ घातली की वाळू चिकटते.

४. सोबत काय घ्यायचं

सायकलीसाठी, सगळ्या गटात मिळून:

- प्रत्येक सायकलीच्या मापाच्या दोन ट्यूब. "एक ट्यूब सगळ्यांना चालेल" हा गैरसमज आहे. टायरचे आकडे वाचून घ्या.
- टायर उघडायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, हातपंप, पंक्चरचं सामान
- अ‍ॅलन कीचा (षटकोनी किल्ल्यांचा) संच, छोटा पाना, चार-सहा केबल टाय, चिकटपट्टी
- साखळीच्या तेलाची छोटी बाटली, जुनं फडकं

एक सापळा इथे आहे. काही सायकलींच्या ट्यूबला बारीक, लांब तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. गावातल्या पंक्चरवाल्याकडे हवा भरायचं जे नळकांडं असतं ते त्याला बसत नाही. पितळेचं छोटं अ‍ॅडॉप्टर मिळतं, अगदी स्वस्त. ते व्हॉल्व्हवरच लावून ठेवा. आमचं घरी राहिलं होतं आणि चौलमध्ये पंक्चरवाल्याने दोन मोटारसायकली बाजूला ठेवून आमच्यावर दया दाखवली, तरी हवा काही भरली नाही.

प्रत्येकाने स्वतःसाठी:

- हेल्मेट, पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा. दिवसा परतायचा बेत असला तरी दिवे हवेत.
- पाण्याच्या दोन बाटल्या. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं, आणि तहान लागायच्या आधी प्यायचं. एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू घाला.
- कपड्यांचा एकच जोड, पंचा, चप्पल, टोपी, उन्हाचं मलम
- राजगिऱ्याची चिक्की, खजूर, शेंगदाणे
- रोजची औषधं, बँडेज, जंतुनाशक

कागदपत्रं: मुक्कामाला प्रत्येकाचं फोटो असलेलं ओळखपत्र मागतात, मोबाइलमधला फोटो सगळीकडे चालतोच असं नाही, म्हणून मूळ कार्ड किंवा छापील प्रत घ्या. सायकलीच्या फ्रेमवरच्या नंबराचा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा. घरच्या दोन माणसांचे नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा, कारण फोनची बॅटरी संपली की आपल्याला आईचासुद्धा नंबर आठवत नाही. तातडीच्या वेळी ११२, रुग्णवाहिकेला १०८.

सामान पाठीवर घेऊ नका. सुरुवातीला हलकं वाटतं, तीन तासांनी मान धरते. कॅरियरवर पिशवी ठेवून इलॅस्टिकच्या दोरीने करकचून बांधा आणि दोरीचं टोक चाकात लोंबत नाही ना ते बघा. रोख पैसे घ्या, त्यात दहा-वीसच्या नोटा. वाडीत शहाळं सोलून देणाऱ्या आजींकडे नेटवर्क असेलच असं नाही.

५. भाऊच्या धक्क्यापर्यंत

मुंबईहून वडखळमार्गे सायकलने येण्याचा मोह होतो. करू नका. महामार्गावरच्या ट्रकांमध्ये सहलीची मजा संपते. अटल सेतूवर दुचाकींना परवानगी नाही, तो विचारही सोडा. पाण्यातूनच यायचं.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते. ही सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली, साधारण तासाभरात पलीकडे पोहोचवते, आणि मोटारींसारखीच सायकलही खालच्या डेकवर लावता येते. माणसाचं तिकीट वेगळं, सायकलीचं वेगळं. ऑनलाइन काढताना सायकलीचं काढायचं विसरू नका, हा दुसरा नेहमीचा सापळा. वेळापत्रक बदलत असतं, आदल्या संध्याकाळी पुन्हा बघा. परतीचं रविवार दुपारचं तिकीट जातानाच काढून ठेवा. याच धक्क्यावरून रेवसला साधी लाँचही जाते. तिच्यात सायकल खांद्यावर उचलून फळीवरून चढवावी लागते. पहिल्या वेळेला रो-रोच बरी.

धक्क्याला जवळचं स्टेशन हार्बरचं डॉकयार्ड रोड. मध्य रेल्वेवाल्यांना सँडहर्स्ट रोडला उतरून सायकलने जाता येतं. लोकलमध्ये सायकल मालडब्यात चढवायची आणि तिचं वेगळं लगेज तिकीट काढायचं. शनिवारी पहाटेची गाडी पकडा. सात-साडेसातनंतर मालडब्यात सायकल घेऊन उभं राहणं म्हणजे डबेवाल्यांच्या आणि भाजीवाल्यांच्या शिव्या खाणं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

धक्क्याच्या परिसरात मासळीचं पाणी सांडलेलं असतं. तिथे सायकलवर बसू नका, हाताने ढकला. बोटीत सायकल लावल्यावर पुढचा ब्रेक रबरबँडने आवळून ठेवा, म्हणजे लाटेवर ती घसरत नाही. मग वर जाऊन चहा घ्या. तुमच्या सहलीतला तेवढाच एक तास असा आहे की काहीच करायचं नसतं.

६. पहिला दिवस: मांडवा, अलिबाग, रेवदंडा

मांडव्याला उतरल्यावर सगळ्या मोटारी एकदम सुटतात. त्यांना जाऊ द्या. दहा मिनिटं थांबा, नाश्ता करा, मग निघा. रस्ता रिकामा मिळतो.

मुख्य रस्ता सरळ चोंढीकडे जातो, पण तुम्ही आतला, सासवणे-आवासचा रस्ता धरा. हाच या सहलीचा सगळ्यात सुंदर तुकडा आहे. दोन्ही बाजूंना वाड्या, सावली, विहिरी, मधूनच एखादं कौलारू घर आणि डावीकडे लांब कनकेश्वरचा डोंगर. सासवण्याला शिल्पकार विनायक पांडुरंग तथा नानासाहेब करमरकरांचं शिल्पालय आहे, त्यांच्या राहत्या घरात. पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, १९२८ चा, त्यांचाच. अंगणात शिरलात की खरी माणसं कोणती आणि पुतळे कोणते असा क्षणभर गोंधळ होतो. अर्धा तास द्या.

पुढे किहीम. सलीम अलींनी १९३० च्या सुमारास इथेच सुगरण पक्ष्याचं निरीक्षण केलं आणि नर एक घरटं बांधून थांबत नाही, एकामागून एक बांधत माद्या मिळवतो हे दाखवून दिलं. हिवाळ्यात जुनी घरटी झाडांवर लोंबताना दिसतात. चोंढी नाक्यावर तुम्ही मुख्य रस्त्याला लागता आणि थळवरून अलिबागेत येता. हा दहा-बारा किलोमीटरचा पट्टा वाहतुकीचा. एकामागोमाग एक चालवा, गप्पा बंद.

अलिबागेत आलात की सगळ्यांना समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात जायचं असतं. इथे जरा पंचांग उघडा. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. आता गंमत बघा. तुम्ही दुपारी बाराला अलिबागेत पोहोचणार. बाराला ओहोटी येते ती अष्टमीच्या आसपास, आणि अष्टमीला असतो भांग, म्हणजे पाणी उतरतं ते थोडंच. पायी जाण्याइतकी वाट उघडी पडेलच असं नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप मागे हटतं, पण ते सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. म्हणून माझं मत: या सहलीत किल्ला बाहेरूनच बघा, त्यासाठी वेगळे या. भरतीच्या वेळा न बघता पाण्यात शिरणाऱ्यांना कोळी लोक ओरडतात ते उगाच नाही.

त्याऐवजी किनाऱ्याजवळच्या चुंबकीय वेधशाळेवरून एक चक्कर मारा. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर तिथल्या कुलाब्यातल्या चुंबकीय नोंदी बिघडतील या भीतीने ती १९०४ मध्ये इकडे हलवली. इमारतीत लोखंडही वापरलं नाही. आपण आपल्या लोखंडी सायकली घेऊन बाहेरूनच नमस्कार करायचा.

जेवण अलिबागेत उरका, पण बेताने. सुरमईची थाळी, वर भात, वर सोलकढीच्या तीन वाट्या आणि मग उन्हात सायकल, हा प्रयोग आम्ही केलेला आहे. तासभर एका नारळाच्या बुंध्याशी सगळे आडवे होते.

अलिबाग सोडल्यावर खाडीचा पूल ओलांडला की आक्षी. इथला शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा, मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक. कित्येक वर्षं तो रस्त्याकडेला होता आणि आमच्यासारखे शेकडो लोक त्याच्याकडे न बघता पुढे जात होते. पुढे नागाव आणि मग चौल. आक्षी ते चौल रस्ता अरुंद आहे, वळणं आंधळी आहेत, पण उन्हाचा पत्ता नसतो. सुपारीच्या वाड्यांतून पाटाचं पाणी वाहत असतं आणि हवा एकदम दोन अंशांनी उतरल्यासारखी वाटते. घंटी वाजवत चला, कारण वळणावर म्हशी उभ्या असतात आणि त्या हलत नाहीत.

चौलला रामेश्वराच्या देवळासमोरच्या पुष्करणीच्या पायऱ्यांवर पाय सोडून बसा. हे एकेकाळी मोठं बंदर होतं. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात विकायला एक घोडा घेऊन इथेच उतरला. त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे. रेवदंड्यात रस्ता पोर्तुगीज तटबंदीतूनच आत शिरतो, आणि बोर्ड न वाचताही कळतं की आता पोहोचलो.

७. रस्त्यावर एकत्र कसं राहायचं

पुढे एक जण, ज्याला रस्ता माहीत आहे. शेवटी एक जण, ज्याच्याकडे पंप आणि हत्यारं आहेत. या शेवटच्याला आम्ही शेपूट म्हणतो. शेपटाच्या मागे कुणी राहायचं नाही, पुढाऱ्याच्या पुढे कुणी जायचं नाही. बाकी मध्ये कसेही चाला.

प्रत्येक फाट्यावर थांबायचं आणि सगळे दिसल्याशिवाय वळायचं नाही. चोंढी नाका, अलिबागेतली वळणं, चौल नाका ही हरवायची ठिकाणं. आणि शेवटचा माणूस पोहोचला रे पोहोचला की पुढच्यांनी निघायचं, हे पाप करू नका. तो धापा टाकत आलेला असतो, तुम्ही पाच मिनिटं बसलेले असता. त्याचीही पाच मिनिटं होऊ द्या. आमच्या पहिल्या सहलीत बँकवाल्याने रस्त्यात जो संप केला त्याचं खरं कारण हेच होतं, हे त्याने आम्हाला वर्षभराने सांगितलं.

शेजारी-शेजारी चालवत गप्पा मारायच्या तर आतल्या वाडीच्या रस्त्यावरच, तेही मागून गाडी येत नसताना. मागच्याने "गाडी!" असं ओरडायचं, पुढच्यांनी लगेच रांग धरायची. खड्डा दिसला की पुढच्याने हात खाली करून दाखवायचा. कुत्रं मागे लागलं तर जोरात पळवू नका. थांबा, उतरा, सायकल मध्ये ठेवा. पळणारं चाक दिसेनासं झालं की त्याचा रस संपतो.

मोबाइलचा नकाशा चालू ठेवा, पण त्यावर आंधळा विश्वास नको. एकदा त्याने आम्हाला जवळचा रस्ता म्हणून कुणाच्या तरी वाडीत, थेट पाणवठ्यापर्यंत नेलं. तिथल्या काकूंनी काही न विचारता पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही या महिन्यातले चौथे."

८. मुक्काम आणि जेवण

नागाव ते रेवदंडा या पट्ट्यात "घरगुती राहण्याची व जेवणाची सोय" असे बोर्ड जागोजागी दिसतात. हॉटेलपेक्षा हे घर बरं. फोनवर चार गोष्टी विचारा: सायकली रात्री आत ठेवता येतील का, तळमजल्याची खोली मिळेल का, गरम पाणी किती वाजता, आणि जेवण किती वाजेपर्यंत सांगायचं. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कोकणात घरगुती जेवण माणसं मोजून होतं. शाकाहारी किती, मासे खाणारे किती हे दुपारीच कळवावं लागतं. आम्ही एकदा संध्याकाळी सातला पोहोचून "काय काय मिळेल?" असं विचारलं. मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या, "चहा."

रात्री झोपायच्या आधी टायर दाबून बघा. बारीक काटा रुतला असेल तर हवा रात्रीत हळूहळू जाते, आणि रात्री दहाला पंक्चर काढणं सकाळी सहापेक्षा सोपं.

९. दुसरा दिवस: कोर्लई आणि परत

सामान घरीच ठेवून पावणेसातला निघा. रेवदंड्याच्या बाहेर कुंडलिका खाडीवरचा पूल ओलांडला की साळाव. पुलावर वारा आडवा येतो आणि रस्ता अरुंद आहे, मध्ये थांबून सेल्फी काढू नका. टेकडीवरचं बिर्लांचं गणपती मंदिर दिसलं की उजवीकडे, समुद्राच्या कडेने पुढे चला. सहा-सात किलोमीटरवर कोर्लई.

गावाच्या कडेने रस्ता दीपगृहाकडे जातो. शेवटचा चढ उभा आहे, उतरून ढकला, लाज वाटायचं कारण नाही. वर किल्ला, खाली तिन्ही बाजूंना पाणी. किल्ल्याच्या पायथ्याच्या वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली एक बोली अजून बोलतात, "नो लिंग", म्हणजे "आपली भाषा". कान दिलात तर अंगणातली हाक तुम्हाला अर्धी कळते आणि अर्धी कळत नाही.

साडेनऊपर्यंत परत रेवदंड्यात या. आंबोळी नाहीतर पोहे खा आणि दहाला निघा. इथे आळस करू नका, त्याचं कारण वारा. हिवाळ्यात दुपार झाली की समुद्रावरून, बहुतेक वायव्येकडून, वारा सुटतो आणि तुम्ही चाललेले असता उत्तरेकडे. म्हणजे तो थेट तोंडावर. काल सपाट वाटलेला थळचा रस्ता आज चढासारखा लागतो. दहाला निघालात तर तीनच्या सुमारास मांडवा. बाराला निघालात तर शेवटच्या बोटीकडे बघत पेडल मारणं आलं. कोर्लई धरून दिवसाचे साधारण ५२ किलोमीटर होतात. ज्यांचे पाय शनिवारीच बोलायला लागलेत त्यांनी कोर्लई सोडून रेवदंड्याच्या किनाऱ्यावर फिरावं. दोन गट पडले तरी चालतात, नाश्त्याला एकत्र आले म्हणजे झालं.

वाटेत कुणाची ताकद संपलीच तर अलिबाग ते मांडवा टेम्पो मिळतो. रेवदंड्याहून निघतानाच एखाद्या टेम्पोवाल्याचा नंबर घेऊन ठेवा. आम्ही दोनदा वापरलाय. टेम्पोत बसलेल्याला चिडवायचं नाही, हा आमच्या गटाचा एकमेव लेखी नियम आहे.

१०. घरी आल्यावर

पैशांचा हिशेब बोटीतच मिटवा. एकाने सगळा खर्च करायचा आणि वहीत लिहायचा, भाऊच्या धक्क्याआधी वाटणी. सोमवारवर ढकललेला हिशेब दिवाळीपर्यंत चालतो.

सायकल रात्रीच धुवा. खाऱ्या हवेने साखळीवर दोन दिवसांत तांबूस गंज दिसायला लागतो, आणि किनाऱ्यावर वाळूत चालवली असेल तर त्याहून आधी. म्हणूनच वाळूत चालवू नका म्हणते, पण तुम्ही चालवणारच. गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, बेअरिंगांवर जोराचा फवारा नको, फडक्याने पुसा, साखळीला तेल द्या.

आणि फेब्रुवारीत गेला असाल तर परतताना रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा दिसतील. अलिबागच्या या कांद्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. माळ हँडलला लावू नका, वळताना चाकात जाते. कॅरियरवर, पंच्यात गुंडाळून, दोन दोऱ्यांनी बांधा. बँकवाला हल्ली चार माळा आणतो. त्याच्या सायकलीमागून येणाऱ्याला डोंबिवलीपर्यंत रस्ता चुकायची भीती नसते, फोलपटांचा माग धरून यायचं.